‘बोलेल हळूहळू’ म्हणत थांबू नका : विकासात मागे पडणाऱ्या लहान मुलासाठी मुंबईत काय, कुठे, कसं

आमचा मुलगा पावणेदोन वर्षांचा झाला तरी त्याला एकही शब्द येत नव्हता. बायको म्हणत होती, डॉक्टरांना दाखवू या. मी म्हणायचो, “अगं, मी स्वतः तीन वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो.” माझ्या आईचाही दुजोरा होता. असे आठ महिने गेले. आज तो तिसरीत आहे, भांडुपहून दादरपर्यंतची सगळी स्टेशनं क्रमाने सांगतो आणि रात्री झोपताना मला गोष्ट सांगायला लावतो. पण ते आठ महिने मला अजून टोचतात, कारण ते घालवायचं काहीच कारण नव्हतं. डॉक्टर होते, दवाखाने होते, फक्त माझं मन तयार नव्हतं.

पहिल्या तीन वर्षांत मेंदूतल्या पेशींची एकमेकींशी जोडणी फार झपाट्याने होते. पुढेही मूल शिकतंच, पण त्याच गोष्टीला जास्त वेळ आणि जास्त कष्ट लागतात. म्हणून या वयात केलेल्या मदतीला इतकं महत्त्व आहे. डॉक्टर आणि थेरपिस्ट तिला ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ म्हणतात. आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली: मदत सुरू करायला आजाराचं नाव ठरलेलं असावं लागत नाही. मूल मागे पडतंय एवढं दिसलं की काम सुरू करता येतं. नाव मागाहून ठरू द्या.

आधी वही आणि मोबाईल

डॉक्टरकडे जाण्याआधी आठवडाभर एक साधी वही ठेवा. मूल काय करतं, काय करत नाही, कधीपासून, एवढंच लिहायचं. ‘बोलत नाही’ असं नका लिहू. ‘पाणी हवं असलं की माझा हात धरून माठापाशी नेतो, बोट दाखवत नाही’ असं लिहा. या एका वाक्यातून डॉक्टरांना पानभर माहिती मिळते. जोडीला मोबाईलवर दोन-दोन मिनिटांचे चार-पाच व्हिडिओ काढा: जेवताना, खेळताना, हाक मारल्यावर, इतर मुलांमध्ये. ओपीडीच्या दहा मिनिटांत मूल एकतर रडतं नाहीतर झोपतं. घरी ते कसं असतं हे व्हिडिओतच दिसतं.

ताडून बघायला मोठं पुस्तक नको. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर लसींच्या तक्त्यासोबत विकासाचे टप्पेही छापलेले असतात. बहुतेक घरांत ते पान कुणी उघडत नाही. ढोबळमानाने सांगायचं तर बाळ ३ महिन्यांपर्यंत आपल्याकडे बघून हसायला हवं, ४ महिन्यांच्या आसपास मान धरायला हवी, ९ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसायला हवं. वर्षाचं होताना नावाला वळणं, बडबड, टाटा असे हातवारे दिसायला हवेत. दीड वर्षापर्यंत चालणं, हवं ते बोटाने दाखवणं आणि थोडे शब्द, तर दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडणं यायला हवं. एखादा टप्पा थोडा मागेपुढे झाला म्हणून घाबरू नका, पण तपासून मात्र घ्या. मूल वर्षाचं व्हायच्या आतच एकच हात वापरत असेल आणि दुसरी मूठ मिटलेलीच राहत असेल, तर ‘डावखुरा आहे’ म्हणून सोडून देऊ नका. इतक्या लहान वयात हात ठरत नाही. दुसऱ्या बाजूला अशक्तपणा असण्याची ती खूण असू शकते.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर वय मोजताना तेवढे आठवडे वजा करा आणि हा हिशेब दोन वर्षांपर्यंत ठेवा. दोन महिने आधी जन्मलेलं आठ महिन्यांचं बाळ सहा महिन्यांच्या बाळासारखं असेल, तर ते मागे नाही. मात्र एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहून आलेल्या बाळाची फॉलोअपची तारीख कधीही चुकवू नका. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी तर जन्मानंतर महिनाभरातच करावी लागते.

दोन गोष्टींत एक दिवसही थांबायचं नाही

पहिली: येत असलेलं काही मूल विसरू लागलं. शब्द गेले, टाटा करणं बंद झालं, बसायचं ते कोलमडू लागलं, तर वय कितीही असो, लगेच दाखवा.

दुसरी गोष्ट नीट वाचा, कारण ती हमखास निसटते. तान्हं बाळ झोपेतून उठताना अचानक पुढे वाकतं, हात पसरतात, डोकं झुकतं, एका क्षणात सोडतं आणि काही सेकंदांनी पुन्हा तसंच. अशा हिसक्यांची ओळच लागते. घरात म्हणतात, ‘पोटात कळ आली असेल’, ‘दचकलं असेल’. पण हे एका प्रकारच्या आकडीचं लक्षण असू शकतं आणि त्यात एकेक दिवस मोलाचा असतो. व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मुलांच्या मोठ्या रुग्णालयात जा. ग्राइप वॉटर पाजत बसू नका.

कान आधी

बोलणं अडलंय तर सर्वांत आधी कान तपासा. ‘टाळी वाजवली की वळतो’ ही तपासणी नव्हे. काही मुलांना जाडे आवाज ऐकू येतात पण ‘स’, ‘श’ ऐकू येत नाहीत; काहींना टाळीची हालचालच दिसते. ओएई नावाची आतल्या कानाची तपासणी काही मिनिटांत होते. ती पास झाली आणि तरी भाषा अडलेलीच असेल, तर बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का हे बघणारी चाचणी) करायची का, असं स्वतःहून विचारा. बेरासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. त्या दिवशी त्याला पहाटे लवकर उठवा आणि गाडीत डुलकी घेऊ देऊ नका, नाहीतर ‘झोपला नाही, पुढची तारीख घ्या’ हे ऐकून परत यावं लागतं. आमची एक तारीख अशीच वाया गेली.

नवजात बाळांसाठी जगभर पाळला जाणारा हिशेब असा: पहिल्या महिन्यात कानाची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान पक्कं, सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा पुढचे उपचार सुरू. प्रसूती झालेल्या रुग्णालयात कान तपासले होते का, हे डिस्चार्ज पेपरवर बघा. डोळे, थायरॉइड आणि रक्तातलं लोह याबद्दलही बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या. या तिन्हींचा मुलाच्या वाढीवर परिणाम होतो आणि तिन्हींवर उपचार आहेत.

मुंबईत कुठे जायचं

सुरुवात जवळच्या बालरोगतज्ज्ञांपासून करा आणि त्यांच्याकडून चिठ्ठी घ्या. ‘थोडं थांबून बघू’ म्हणाले तर ‘नेमकं किती दिवस आणि काय दिसलं नाही तर पुढे?’ असं विचारा. उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्याकडे जा. आम्हाला एका डॉक्टरांनी हसून ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून परत पाठवलं होतं. माझ्या मनातलंच ते बोलले, म्हणून मी खूश झालो आणि आणखी चार महिने गेले.

परळ-मध्य मुंबई पट्ट्यात सोय बरीच आहे. वाडिया हे मुलांचंच रुग्णालय आहे आणि त्याच्या शेजारी महापालिकेचं केईएम. सायन, नायर आणि पश्चिम उपनगरातलं कूपर ही महापालिकेचीच. नायरने लहान मुलांसाठी अर्ली इंटरव्हेन्शन आणि पुनर्वसनाचं स्वतंत्र केंद्र उभं केलंय. पालिकेच्या रुग्णालयात केस पेपर काढून अगदी कमी खर्चात काम होतं. गर्दी मात्र असते, म्हणून खिडकी उघडायच्या आधी पोहोचा आणि विकासाची किंवा मुलांच्या न्यूरोलॉजीची ओपीडी कोणत्या वारी असते हे आधी विचारून जा. ओपीडीचे वार ठरलेले असतात. भलत्या दिवशी गेलात तर अख्खी सकाळ फुकट.

वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. नाव कान-बोलण्याचं असलं तरी २०२१ मध्ये तिथे सर्व प्रकारच्या अडचणी असलेल्या लहान मुलांसाठी क्रॉस-डिसॅबिलिटी अर्ली इंटरव्हेन्शन केंद्र सुरू झालं. म्हणजे तपासणी, स्पीच (बोलण्याची थेरपी), ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं आणि हातांचा वापर शिकवणारी), फिजिओ हे एका छपराखाली. हात-पाय कडक असणं, तोल न सांभाळता येणं अशा अडचणींसाठी हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. ती महालक्ष्मी स्टेशनपासून जवळ पडते. स्वयंसेवी संस्थांमध्ये २००१ पासून काम करणारी उम्मीद, शिवडीची जय वकील आणि १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी म्हणून सुरू झालेली आजची अडॅप्ट ही नावं बालरोगतज्ज्ञांच्या तोंडी नेहमी येतात. सगळीकडे प्रतीक्षायादी असू शकते. म्हणून एकाच ठिकाणी नाव घालून बसू नका, दोन-तीन ठिकाणी घाला आणि पालिकेच्या रुग्णालयात लगेच सुरुवात करा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीही मदत घ्या. २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच तो देशात सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते आणि विकासातल्या विलंबासाठी पुढे अर्ली इंटरव्हेन्शन केंद्रात पाठवलं जातं. पथक कधी येणार, हे अंगणवाडी सेविकेला ठाऊक असतं.

असेसमेंटचा दिवस आणि तो रिपोर्ट

मूल झोपेच्या किंवा भुकेच्या वेळी नेऊ नका. आवडीचं खेळणं, खाऊ, वही आणि आतापर्यंतचे सगळे कागद सोबत घ्या. शक्यतो घरातली दोन माणसं जा: एक मुलापाशी, एक ऐकायला. आमच्याकडे माझी आईही आली होती. थेरपिस्टने तिला शांतपणे विचारलं, “आजी, याला काय काय आवडतं?” आई अर्धा तास बोलली आणि त्या दिवसापासून घरातला ‘बोलेल हळूहळू’ हा सूर थांबला.

पाच वर्षांखालचं मूल दोन किंवा जास्त बाबतींत बरंच मागे असेल तर रिपोर्टवर ‘ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले’ असं येतं. हे आजच्या घडीचं चित्र असतं. त्यावरून पुढचं शिक्षण, लग्न, नोकरी यांचे अंदाज बांधू नका. रिपोर्टमधल्या आकड्यापेक्षा दोन प्रश्नांची उत्तरं घेऊन निघा: पुढच्या तीन महिन्यांत मुलाला नेमकं काय यायला हवं, आणि त्यासाठी आम्ही घरी रोज काय करायचं?

थेरपिस्ट निवडताना

नोंदणी विचारायला संकोच करू नका. स्पेशल एज्युकेटर आणि स्पीच थेरपिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ओटी आणि फिजिओंसाठी महाराष्ट्रात वेगळी परिषद आहे. सेशन चालू असताना पालकांना कायम दाराबाहेर बसवणारी जागा मला स्वतःला पटत नाही. तिथे काय केलं हे बघितलंच नाही तर घरी करणार काय?

आठवड्याला सेशन किती, यावरून घरात वाद होतात. मुंबईत प्रवासाचा हिशेब त्यात धरलाच पाहिजे. आम्ही सुरुवातीला आठवड्यातून पाच दिवस जायचो: भांडुपहून लोकल, दादरला पूल ओलांडून बदल, पुढे रिक्षा. पोहोचेपर्यंत लेक खांद्यावर झोपलेला. उठवलं की रडायचा आणि सेशनचे पैसे रडण्यातच संपायचे. मग दोनच दिवस ठेवले, सकाळची दहाची वेळ मागून घेतली आणि उरलेले दिवस घरी काम केलं. त्या दोन महिन्यांत जितका फरक पडला तितका आधीच्या चारांत पडला नव्हता. आठवड्यातले दोन तास थेरपिस्टचे असतात, बाकी सगळा वेळ मूल तुमच्यापाशीच असतं.

खरं काम मोरीत आणि ओट्यापाशी

आमचं घर दीड खोलीचं. थेरपीसाठी वेगळी जागा नाही, महागडी खेळणी नाहीत. आमच्या स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, “घरात रोज होणारी पाच कामं सांगा. त्यातच सगळं बसवू.” मी सांगितलं: आंघोळ, जेवण, कपडे, पोळ्या, झोप. तीच पाच कामं आमचा अभ्यासक्रम झाली.

आंघोळीचं उदाहरण सांगतो. बादलीतून तांब्या भरायचा, ‘ओतू… ओतू…’ म्हणत वर न्यायचा आणि त्याच्या अंगावर ओतायच्या आधी थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, मनात दहा आकडे मोजत. तोंडाने काही बोलायचं नाही, भुवया वर, नजर त्याच्याकडे. पहिले आठ-दहा दिवस तो नुसता तांब्याकडे बघायचा. आम्ही पाणी ओतायचो. मग एक दिवस त्याने तांब्यावरून नजर काढून माझ्या डोळ्यांत पाहिलं. थेरपिस्टना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “हेच हवं होतं, हा त्याचा पहिला शब्द समजा.” पुढे हात पुढे आला, मग ‘ओ’ आला. सव्वातीन महिन्यांनी ‘ओत’. मोरीतल्या त्या ‘ओत’साठी मी ऑफिसला उशिरा गेलो, आणि बायकोने फोन करून शेजारच्या काकूंनाही ऐकवलं.

यातलं तंत्र कुठेही वापरता येतं. आवडीची गोष्ट घ्या, ती अर्ध्यावर थांबवा, वाट बघा, आणि मुलाने जे काही दिलं, नजर, आवाज, हात, ते उत्तर मानून लगेच ती गोष्ट पूर्ण करा. तहानलेल्या मुलाला ‘आधी पाणी म्हण, मग देतो’ असं अडवू नका. त्याने बोलणं शिकत नाही, चिडणं शिकतं. त्याऐवजी दोन वस्तू समोर धरा, ‘पाणी की दूध?’, आणि ज्याकडे हात जाईल त्याचं नाव घेत ते द्या.

मूल एक शब्द बोलू लागलं की तुम्ही दोन बोला. ते ‘पोळी’ म्हणालं तर तुम्ही ‘गरम पोळी’. लांबलचक वाक्यं नकोत, आणि प्रश्नांचा भडिमार तर मुळीच नको. ‘हे काय? हा कुठला रंग? माऊ कशी बोलते?’ अशी परीक्षा आपण सगळेच घेतो आणि पाहुण्यांसमोर तर जास्तच. त्यापेक्षा समोर जे चाललंय ते सांगत राहा: ‘माऊ आली. माऊ उडी मारते. गेली!’

हातांच्या कामासाठी स्वयंपाकघर पुरेसं आहे. कणकेचा गोळा दाबणं, मटकी एका वाटीतून दुसरीत टाकणं (जवळ बसून, कारण नाकात आणि तोंडात जाते), कपड्यांचे चिमटे डब्याच्या काठाला लावणं, डब्यांची झाकणं जुळवणं. चालायला उशीर होतोय म्हणून वॉकर आणू नका. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट अपघात होतात. त्याऐवजी पलंगाच्या कडेला आवडती वस्तू ठेवून बाळाला धरून उभं राहू द्या. पायात कडकपणा असेल तर मात्र फिजिओला विचारल्याशिवाय काही करू नका.

हातांनी खुणा करू न देता बोलण्याचाच आग्रहही धरू नका. खुणा किंवा चित्रं वापरली तर मूल बोलायचंच सोडून देईल, ही भीती आम्हालाही होती. तसं होत नाही. आमचा मुलगा ‘संपलं’ची खूण शिकला आणि ताट भिरकावणं थांबलं. शब्द मागून आलाच.

आणि मोबाईल. दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. भरवताना मोबाईल लावायची सवय आमच्याकडेही होती. ती तोडायला पंधरा दिवस लागले आणि पहिले चार दिवस फार कठीण गेले. पण नुसता मोबाईल बंद केला की सगळं सुरळीत होईल, असं समजून तपासणी पुढे ढकलू नका.

घरात कोणती भाषा

एका प्लेग्रुपमध्ये आम्हाला सांगितलं, “दोन भाषांनी तो गोंधळलाय, घरी इंग्रजीतच बोला.” बायको आणि मी महिनाभर तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलत राहिलो. आजी तर घरात गप्पच बसू लागली. मग थेरपिस्ट म्हणाल्या की दोन भाषा ऐकल्याने विकास मागे पडत नाही. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, गाणं म्हणता येतं, ती बोला. त्या रात्री आईने त्याला मांडीवर घेऊन ‘अडगुलं मडगुलं’ म्हटलं. तो हसला.

जिथे पैसे घालवू नयेत

पालक अगतिक असतात, आणि ते ओळखणारे लोक मुंबईत कमी नाहीत. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस होत नाही आणि ते देणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, अशी भूमिका राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतीविषयक मंडळाने २०२२ मध्येच घेतली. शरीरातले ‘जड धातू काढायची’ औषधं जिवावर बेतू शकतात. कोणी ‘सहा महिन्यांत पूर्ण बरं’ अशी हमी दिली की उठून या.

फाइल

एक जाड फाइल घ्या आणि तारखेनुसार सगळं लावा. त्यात सर्वांत उपयोगी कागद म्हणजे दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र). अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी ठरवून दिलेल्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात. लहान वयात बहुधा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं आणि काही वर्षांनी पुन्हा तपासतात. अनेक आईवडील ‘शिक्का बसेल’ म्हणून ते काढत नाहीत. मीही वर्षभर टाळलं. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना दिलेले हक्क, शाळेतल्या सवलती, आयकराच्या जुन्या करप्रणालीत मिळणारी ७५ हजारांची वजावट (दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख), हे सगळं त्या कागदावरच अवलंबून आहे.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि थेरपीचा खर्चही ठराविक मर्यादेत मिळतो. पैसे आधी आपण भरायचे आणि मग परत मागायचे, म्हणून प्रत्येक सेशनची सही-शिक्क्याची पावती त्याच दिवशी घ्या. महिनाअखेरीला एकदम मागितली की मिळेपर्यंत चपला झिजतात.

बालवाडी

तीन वर्षांचं झालं की अंगणवाडी किंवा बालवाडीत घाला. ‘आधी बोलू दे, मग घालू’ म्हणून थांबू नका. मुलं मुलांकडूनच शिकतात. प्रवेश घेताना मुलाची अडचण लपवू नका. लपवली तर बाईंना ते मूल हट्टी वाटतं. आम्ही पहिल्या दिवशी बाईंच्या हातात एक पान दिलं. त्यावर एवढंच होतं:

मी साडेतीन वर्षांचा आहे. मला आगगाडी आवडते. मला ‘ओत’, ‘दे’, ‘आई’, ‘गाडी’ आणि अजून वीस शब्द येतात. मला सांगितल्यावर उत्तर द्यायला वेळ लागतो, कृपया दहापर्यंत मोजा. मिक्सरचा आणि ढोलाचा आवाज झाला की मी कानांवर हात ठेवतो, तेव्हा मला दारापाशी घेऊन जा. शू लागली की मी चड्डी ओढतो. बाबा साडेबाराला येतात.